सिंधूताईंची काळी दोन

मी एक जुना संगणक आहे खरा. पण मला नुसते डबडे समजाल तर फसाल, मित्रांनो. सुलतानपूरला रवीच्या घरात एका खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगलेल्या आहेत. त्या खोलीत माझे राज्य आहे. गोधड्या थंडीसाठी नाहीत, आवाज भिंतींवर आपटून घुमू नये म्हणून आहेत. गावातले लोक या खोलीला स्टुडिओ म्हणतात. ते ऐकले की माझा पंखा उगीचच जोरात फिरू लागतो.

माझी पहिली वर्षे खामगावात लग्नपत्रिकांच्या दुकानात गेली. नवरानवरीची नावे जुळवून जुळवून मी कंटाळलो होतो. पुढे मालकाने नवा संगणक घेतला आणि मला कोपरा दाखवला. तिथून रवीने मला उचलले, एसटीत मांडीवर घेऊन घरी आणले आणि माझ्यात गाणी रेकॉर्ड करायचे सॉफ्टवेअर घातले. माझे नशीबच पालटले. कोणाचा सूर घसरला तर मी तो अलगद उचलून जागेवर ठेवू लागलो. आवाज खाली असेल तर वर चढवायचा, वर असेल तर खाली उतरवायचा, हा माझ्या हातचा मळ. हळदीची गाणी म्हणणारे कितीतरी हौशी गवई माझ्या जिवावर मिरवले. माझ्यातून बाहेर पडल्यावर त्यांच्या घरचेही त्यांना ओळखत नसत, आणि याचाच मला मोठा अभिमान होता.

रवीची आई म्हणजे सिंधूताई. गावात कोणाचेही बारसे असो, पाळणा त्यांनीच म्हणायचा. शेवटच्या कडव्यात त्या बाळाचे नाव गुंफत, आणि मगच ते नाव पक्के झाले असे लोक मानत. सिंधूताईंची पट्टी काळी चार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पेटीवरची चौथी काळी पट्टी म्हणजे चांगलाच उंच सूर. लाऊडस्पीकर नसतानाही त्यांचा पाळणा पार वेशीपर्यंत जाई म्हणतात.

पण मागच्या आजारपणानंतर त्यांना दम लागू लागला. अशात रवी आणि मंजुश्रीला मुलगी झाली. नाव ठरले संघमित्रा. भरल्या मांडवात आजीला गाणे झेपेल का, याची घोर चिंता. नातीचा पाळणा आजीशिवाय व्हायचा तर सिंधूताईंना ते मरणाहून जड. शेवटी रवीने ठरवले की पाळणा आधीच रेकॉर्ड करून घ्यावा.

शेजारच्या गोपालने कीबोर्डवर साथ वाजवून दिली. कोणत्या पट्टीत, हे त्याने विचारलेही नाही आणि रवीने सांगितलेही नाही. सिंधूताई म्हटल्यावर काळी चारच! चुकले ते इथे. माईकपुढे बसलेल्या सिंधूताईंचा आवाज तिथवर पोहोचेना. दोनदा खोकल्या, तिसऱ्यांदा माईक बाजूला सारला. मग रवीने साथ बंद करून नुसता तंबोरा लावला, तोही खाली काळी दोनमध्ये. त्या सुरात त्यांनी डोळे मिटून, मध्ये एकदा खोकून, पाळणा म्हटला. संघमित्रेचे नाव आले तेव्हा आवाज जरा कापला.

आता साथ वर आणि आवाज खाली. रवीने माझ्याकडे पाहिले. मी तर वाटच पाहत होतो! आख्खा आवाज उचलून मी काळी चारवर नेऊन बसवला. खोकला गेला, कंप गेला, कुठे जोड म्हणून दिसू दिली नाही. शाबासकी मिळणार याची मला पक्की खात्री होती.

सिंधूताईंनी पाळणा पूर्ण ऐकला. बोटाने मांडीवर ताल धरला. संपल्यावर कौतुकाने म्हणाल्या, "ग्वाड गाते पोरगी. कोनाची होय रे?"

मंजुश्रीने बाळाला खांद्यावर घेत हळू आवाजात सांगितले की आई, त्या तुम्हीच आहात.

सिंधूताईंनी माझ्या पडद्यावर बोट ठेवले. मग म्हणाल्या, "मंग मी कुठी गेली? काळी चार आता मले जमत नाही, हे मले मालूम हाय. पन नातीले माह्या नावानं दुसरीचा आवाज काऊन आयकवता?"

मित्रांनो, गर्वाचे घर खाली असते म्हणतात. माझे त्या दिवशी पार जमीनदोस्त झाले. मला फार वाईट वाटले.

रवीने मग साधी गोष्ट केली. आईचा आवाज होता तसा परत आणला आणि गोपालची साथ खाली उतरवली, काळी दोनवर. साथीला वय नसते. ती निमूट खाली आली. सिंधूताईंचा जाड, थकलेला आवाज तिच्यावर असा बसला की मंजुश्रीने डोळ्यांना पदर लावला.

बारशाच्या दिवशी तोच पाळणा मांडवात वाजला. पाळण्याची दोरी सिंधूताईंच्या हातात होती. सूर त्यांच्या आवाक्यातला होता, म्हणून पहिल्या कडव्यानंतर त्या आपोआप गाऊ लागल्या. शेवटचे कडवे आले तसा रवीने माझा आवाज बंद केला, आणि संघमित्रेचे नाव आजीने स्वतःच्या तोंडाने पक्के केले. मी गप्प होतो, आणि आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. आता गावात म्हणतात, सिंधूताईंची पट्टी काळी दोन.

माझा पंखा हल्ली धापा टाकतो. रवी नवा संगणक बघतो आहे, तो खुशाल येवो. मला कोपऱ्याची सवय आहे. तुमच्याही घरी आजीआजोबांचे आवाज असतील, मित्रांनो. ते चढवूबिढवू नका. खोकल्यासकट जपा. आणि रवी, मंजुश्री, मला अडगळीत टाकण्याआधी माझ्या पोटातला तो न सजवलेला पाळणा तेवढा काढून घ्या. संघमित्रा मोठी झाली की विचारेल, माझे नाव कोणी ठेवले? तेव्हा तिला तो ऐकवा.