चुन्याचं ठिगळ

गवंड्याच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. लग्नघर आवरून होतं न होतं तोच गवंडी डोंगर चढू लागला. वर गुहांची जुनी वस्ती होती. माणसं कधीच खाली सपाटीवर राहायला गेली होती. वर उरले होते थोडे कारागीर, आणि त्यांचं काम बघायला तिकीट काढून पाहुणे यायचे. गवंड्याची थोरली बहीण, अक्का, शेवटच्या गुहेत माग चालवायची आणि तिथेच निजायची.

"तिकीट काढलंस का?" त्याला दारात बघून ती म्हणाली. पाय मागाच्या खड्ड्यात, हात सुतावर.

"सख्ख्या बहिणीला बघायला तिकीट?"

"फुकटे फार बोलतात, म्हणून विचारलं."

त्याचं लक्ष छताकडे होतं. मागाच्या बरोबर वरून एक भेग भिंतीवर उतरली होती. मागच्या खेपेला त्यानं तिच्यावर आडवं चुन्याचं ठिगळ थापलं होतं. गवंड्यांची ही जुनी रीत. दगड हलला की ठिगळ तडकतं. अक्कानं तेव्हा शब्द दिला होता, "तडकलं तर त्याच दिवशी खाली येईन. नाही तडकलं तर तू तोंड मिटायचं."

ठिगळ अख्खं होतं. तरी त्याला चैन पडेना. तो बसला, उठला, बाहेर जाऊन आला, परत भिंतीशी उभा राहिला.

"चुळबुळ्या, बूड टेक की जरा. तुझ्यापेक्षा माझा मागावरचा धोटा कमी पळतो."

"अक्का, खोली रिकामी आहे आता. धाकटी गेली. चल ना."

"पोरीची जागा भरायला म्हातारी नेतोस होय? आणि मागावर चढवलेला हा ताणा कोण विणून संपवणार? तुझी बायको?"

तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका आला. माहिती सांगणाऱ्या मुलीनं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. फोटो निघाले, घोळका गेला. अक्का खड्ड्यातून पाय काढून उठली, तांब्या घेतला आणि भिंतीवर सपासप पाणी मारू लागली.

"हे काय करतेस?"

"पाहुण्यांसाठी काचेचं दार बसवलंय, वर हे दिवे. हवा पार कोरडी झाली. सूत तुटतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ भिंत भिजवते."

गवंड्यानं स्टूल ओढलं. वर चढून त्यानं ठिगळावर अंगठा दाबला. अंगठा लोण्यात जावा तसा आत गेला. चुना कधी वाळलाच नव्हता. ओला चुना तडकणार कसा? तो नुसता ताणला गेला होता. त्यानं तो खरवडून काढला. खाली ज्या भेगेत पूर्वी नख जात नव्हतं, तिच्यात करंगळी शिरली.

"अक्का, ऊठ. शब्द दिलायस."

"तडकलं तर, म्हणाले होते. तडकलंय का?"

"तुला हे ठाऊक होतं?"

"मला सूत ओलं ठेवायचं होतं," ती म्हणाली आणि पुन्हा खड्ड्यात पाय सोडून बसली. "लावलेला ताणा अर्धा टाकत नाहीत. आपल्या आईनं तुला एवढं तरी शिकवलं असेल."

शिकवलं होतं. तरीही तिची कात्री उचलून त्यानं ताणा या काठापासून त्या काठापर्यंत कापला. सूत सैल पडलं. अक्का खड्ड्यातून स्वतःच उठली. तिनं पायऱ्याही त्याचा हात न धरता उतरल्या.

घरी त्यानं मागच्या खोलीत नवा खड्डा खणला, माग बसवला, दारांना ओली पोती लावली. सूत तुटतच राहिलं. अक्कानं मग धोटा ठेवून दिला. आता चुळबुळ तिच्या पायांत शिरली. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. भावाला "जेवलास का" यापलीकडे शब्द नाही.

वरून कोणी उतरलं की गवंडी आधी छताचं विचारायचा. आहे तसंच, म्हणायचे लोक. ते पडावं, असं त्याला वाटू लागलं होतं, आणि असं वाटल्याची लाजही.

छत पडलं नाही. अक्का पुढच्या उन्हाळ्यात, गवंड्याच्या घरी, भरदुपारी वारली.