विहीणबाईंना दिलेला वाफा

विहीणबाई राहायला आल्या त्याच दिवशी अप्पांनी सगळ्यांच्या देखत त्यांना एक वाफा देऊन टाकला. "स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचा, बारा फूट बाय पाच. आजपासून तुमचा. हवं ते लावा!"

अप्पा निवृत्त प्लंबर. घर त्यांचं, सोबत लेक आणि जावई. जावयाच्या आईने तीस वर्षं भाड्याच्या घरात शिवणकाम केलं, पण मालकाने घर मागितलं आणि त्यांना मुलाच्या सासऱ्याच्या दारात यावं लागलं. सामान थोडंच: दोन ट्रंका, गोणपाटात बांधलेलं शिवणयंत्र आणि कुंडीत जुन्या दारातल्या गुलाबाची एक फांदी.

वाफा देण्यात अप्पांचं काही गेलं नव्हतं. अंगणाचा सगळा उतार त्या वाफ्याकडे. आठ वर्षांत तिथे शेवंती कुजली, लिंबाचं रोप पिवळं पडून गेलं. चौतीस वर्षं लोकांच्या घरातलं पाणी वाटेला लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारात पाणी मुक्काम ठोकून होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पण दिल्यासारखं झालं, मानही राहिला, म्हणून अप्पा खुशीत होते.

ती खुशी दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत टिकली.

"अप्पा," लेक पानात वाढताना हळूच म्हणाली, "आई काय म्हणाल्या माहितीये? 'हा गुलाब इथे रुजला तर मीही रुजेन. नाहीतर बहिणीकडे खोली आहेच.' हसत म्हणाल्या, पण मशीन अजून गोणपाटातच आहे."

अप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

जेवण उरकल्यावर त्यांनी वाफ्याच्या कडेला हातभर खड्डा खणला आणि बादलीभर पाणी ओतलं. पेपर वाचून झाला, चहा झाला. पाणी जेमतेम बोटभर उतरलं होतं. यात गुलाब लावला तर महिन्याभरात मुळांचा चिखल होणार.

कोरडी, उंचावरची जागा एकच होती, फाटकाजवळची. तिथे अप्पांचे अकरा टोमॅटो काठ्यांना बांधून उभे होते. ते एकवेळ हलवता आले असते. पण विहिणीला काय सांगायचं? की तुम्हाला दिला तो वाफा निकामी आहे, आणि मला ते माहीत होतं? त्यापेक्षा जीभ चावलेली बरी.

पुढचे चार दिवस विहीणबाई रोज संध्याकाळी वाफ्यापाशी उभ्या राहत. "छान ओलावा आहे हो," म्हणत.

"हो ना, पाणी घालायची कटकट नाही," अप्पा म्हणत आणि घरात सटकत.

सातव्या दिवशी सकाळी अप्पा दाढी करत होते. खिडकीतून पाहतात तर विहीणबाई एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात गुलाबाची कुंडी घेऊन वाफ्याकडे निघालेल्या. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून अप्पा धावले.

"थांबा, विहीणबाई! तिथे नका लावू. कुजेल तो. आठ वर्षांत काही जगलं नाही त्या वाफ्यात." मग खाली बघत म्हणाले, "आणि मला ते माहीत होतं."

"मलाही," विहीणबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुमचा खड्डा पाहिला तेव्हापासून. पाणी संध्याकाळपर्यंत तसंच होतं. अहो, कापड आधी भिजवून बघायचं आणि मग कातरी लावायची, एवढं तर मला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"दिलेल्या वाफ्याला नावं ठेवू? तेही मुलाच्या सासऱ्याच्या दारात? म्हटलं, बघू व्याहीबुवा किती दिवस तग धरतात."

"आणि ही कुंडी?"

"उन्हाला ठेवायला आणली." त्यांनी कुंडी खाली ठेवून काखेतली पिशवी उघडली. आत कर्दळीचे आणि सोनटक्क्याचे गड्डे होते, वर मूठभर पुदिना. "शेजारणीकडून आणलं. पाय ओले राहिले तरी कुरकुर न करणारी मंडळी. वाफा वाईट नाही हो तुमचा. तुम्ही त्याला नको ते खायला घालत होतात."

अप्पांनी फाटकाकडे पाहिलं. टोमॅटोंकडे पाहिलं. "चला," ते म्हणाले.

विहीणबाईंनी गळ्यातली टेप काढून जागा मोजली. "दोन टोमॅटो हलवावे लागतील."

"चार हलवतो."

"दोन. लागतं त्याहून जास्त कापड मी कधी घेतलं नाही."

जागा मोकळी होताच विहीणबाई गुलाब लावून आत गेल्या. अप्पा त्या दोन टोमॅटोंना जुन्या बादलीत बसवत होते, तेवढ्यात घरातून लेकीने हाक मारली. "अप्पा, मशीन उचलायला या! आईंना खिडकीपाशी हवंय."

"अगं, पण गुलाब अजून रुजायचाय ना?"

उत्तर आतून विहीणबाईंनी दिलं. "तो रुजेल सावकाश. तुम्ही आधी उरलेली दाढी करून घ्या!"