विझलेली झळाळी

दूरच्या एका ताऱ्यात गॅमा-किरणांचा स्फोट झाला. मागे उरलेली झळाळी महिन्याभरात विझायला हवी होती. ती विझतच नाही, असं प्रोफेसर वेंडेलनी जगभर सांगून टाकलं. वर्षभराने अमेरिकेतल्या टूसॉनच्या ऑफिसात त्यांची विद्यार्थिनी लोरेटाने नवा फोटो पुढे ठेवला.

"तेज तसूभर कमी नाही, वेंडेल. झळाळी असती तर थोडी तरी मंदावली असती; म्हणजे ती कधीच मेली. तारा ज्या दीर्घिकेत राहायचा, तिचा उजेड आपण मोजत बसलो."

"तुझा प्रबंध यावरच उभाय, बाई. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"पाडते. मेलेल्याला जिवंत म्हणून किती दिवस मिरवायचं?"

वेंडेलनी मान खाली घातली. लोरेटा चूक कबूल करणारं पत्र लिहायला बसली. खाली दोघांची नावं घातली, पहिलं स्वतःचं.