पहाटेची तारीख

विनेशला होडीतून उतरवायला चार माणसं लागली. कोयत्याचा घाव कानाखालून थेट खांद्यापर्यंत उतरला होता. होडीच्या तळाशी बोंबील आणि रक्त एकत्र सांडलं होतं, आणि धक्क्यावरून होडीत उडी घेतलेला बाप हरेश्वर त्यातच गुडघे टेकून बसला होता. घावावर दाबलेला हात तो काढायला तयार नव्हता. ओहोटीच्या उलट वल्हवत धक्का गाठेपर्यंत सकाळचे सात वाजले होते. पोरगा वाटेतच गेला होता, आणि ते बापाशिवाय सगळ्यांना कळलं होतं.

झालं ते असं. खाडीच्या तोंडाशी जाळी बांधायचे खुंट आहेत, बारा. गावात पाडे दोन, वरला आणि खालचा, आणि खुंटांवर दोघांची आठ-आठ दिवसांची पाळी. शनिवारी पहाटे खालच्या पाड्याच्या विनेशने खुंटाला जाळं बांधलं, तेवढ्यात वरल्या पाड्याचा मोरू आपली होडी घेऊन आला. मोरूने ओरडून सांगितलं, आज पाळी आमची. विनेशने ऐकलं नाही. मोरूने सुरी काढून जाळ्याचा दोर कापला. विनेशने वल्हं उचललं आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात घातलं. कवटी फुटल्याचा आवाज मागच्या होडीपर्यंत गेला म्हणतात. मोरूचा मुलगा सदा शेजारीच उभा होता, त्याच्या हातात कोयता होता, आणि त्याने काही विचार केला नाही.

दहा वाजेपर्यंत विनेशला शवविच्छेदनासाठी अलिबागला नेलं होतं, त्याच इस्पितळात मोरू डोक्याला टाके घालून बेशुद्ध पडला होता, आणि सदा पळाला होता. पोलीस होते दोन. ते धक्क्यावर खुर्च्या टाकून बसले होते आणि पाड्यात काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं, किंवा बघायचंच नव्हतं. खालच्या पाड्यात कोयते पाजळले जात होते. हरेश्वरचा पुतण्या अल्पेश ट्रक चालवायचा, त्याने डिझेलचे दोन कॅन अंगणात आणून ठेवले.

"पाळी आमची व्हती," अल्पेश येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. "पहाटं म्या सोता ॲपमधी बघितलंय. मोरूनी चोरी केली आन वर पोराला मारला. आज त्यांची येक होडी ठेवायची न्हाय."

ॲप हेमालीचं होतं. हेमाली म्हणजे विनेशची थोरली बहीण. नवी मुंबईतल्या कंपनीची नोकरी ती घरातूनच करायची. पाळीची मोजणी ही गावाची जुनी डोकेदुखी. सणाचे आणि वाऱ्याचे दिवस वगळायचे, त्यामुळे आठ दिवस कधी भरले यावर दोन माणसांचं एकमत होत नसे. त्यात वरला पाडा म्हणे, दिवस ओहोटी लागली की सुरू होतो. खालचा म्हणे, उजाडल्यावर. वर्षाला एखादं डोकं फुटायचंच. हेमालीने मे महिन्यात दोन्ही पाड्यांना बसवून सांगितलं होतं, मोजणी माझ्यावर सोपवा, संगणकाला ना वरला पाडा ना खालचा. रात्री बाराला तारीख बदलली की पाळी बदलली, हे दोघांनी मान्य केलं. मच्छीमार सोसायटीच्या कारकुनाने पाळीच्या तारखा भरायच्या, आणि ॲप उघडलं की पडद्यावर एकच ओळ दिसायची, आज पाळी कोणाची. गावाने तिला नारळ आणि साडी दिली. विनेश तर ज्याला-त्याला फोन दाखवत फिरायचा.

आता ती दार लावून खोलीत बसली होती. समोर तिचा फोन होता आणि त्यात विनेशचा आवाजी निरोप, पहाटे चार वाजून सात मिनिटांनी आलेला. ती झोपली होती. फोनचा आवाज बंद होता, कारण कंपनीतले लोक रात्रीही पिडतात. सकाळी तिने तो निरोप एकदा ऐकला आणि पुन्हा ऐकायची छाती झाली नाही. कोणाला सांगितलंही नाही.

निरोपाच्या खाली विनेशने पडद्याचा फोटो पाठवला होता. आज पाळी: खालचा पाडा.

तिने ॲप उघडलं. आज पाळी: वरला पाडा.

तिला कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ज्याने हाताने घर बांधलं त्याला कोणती वीट कच्ची ते विचारावं लागत नाही. कारकुनाने भरलेल्या तारखा बरोबर होत्या. चुकला होता तो "आज". आज कोणती तारीख हे ठरवताना तिने फोनच्या घड्याळातली वेळ घेतली होती, आणि डेटाबेसमध्ये सगळं एकसारखं राहावं म्हणून ती जागतिक वेळेत बदलून तिच्यातली नुसती तारीख कापून घेतली होती. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत ॲपच्या लेखी कालचाच दिवस. तारीख म्हणजे अख्खा दिवस, तो तसाच ठेवायचा असतो, त्याला घड्याळ चिकटवायचं नसतं. हे ती कंपनीतल्या नवख्यांना शिकवायची. स्वतःच्या गावासाठी लिहिताना शिकवणीतलं सगळं विसरली, कारण गावाचं काम फुकटचं होतं, सुट्टीतलं होतं, आणि तपासलं होतं सकाळी अकरा वाजता चहा पिताना. अकरा वाजता ते कधीच चुकलं नसतं. पण मासेमार अकरा वाजता पाळी बघत नाही. तो ओहोटीला उठतो, आणि ओहोटी रोज पाऊण तास सरकते. आधी दोनदा पाळी बदलली तेव्हा ओहोटी उजाडल्यावर होती. या शनिवारी ती चारला होती.

कोळ्याच्या पोटी जन्मलेल्या मुलीने हे विसरावं. तिला स्वतःची शिसारी आली.

आणि मग मनात आलं ते त्याहून वाईट होतं. ॲपमधली एक ओळ बदलायची, म्हणजे चूक पुढे कोणाला सापडणार नाही. एक मिनिटाचं काम. फोनमधला फोटो खालच्या पाड्याच्या बाजूने बोलत होता, विनेश खरा ठरला होता, मेलेल्या भावाला कोणी चोर म्हणणार नव्हतं. गप्प बसलं की झालं. हात दाखवून अवलक्षण कोणी सांगितलंय? ती तासभर तशीच बसून राहिली, बोटं कीबोर्डवर ठेवून, आणि तो तास तिने पुढे कधीच स्वतःला माफ केला नाही.

बाहेर आरडाओरडा झाला म्हणून तिने खिडकी उघडली. वरल्या पाड्याची एक होडी पेटली होती. माणसं घरांतून निघत होती, पुढे हरेश्वर, अंगावर सकाळचाच सदरा, रक्ताने कडक झालेला. हेमाली फोन घेऊन धावली.

दोन पाड्यांच्या मध्ये एक साकव आहे, फळ्यांचा अरुंद पूल. पलीकडे वरल्या पाड्याच्या बायका दगड घेऊन उभ्या होत्या, पुढे मोरूची बायको सोनाबाई. त्यांचे पुरुष एक तर इस्पितळात होते, नाही तर पळाले होते. पहिला दगड आला तो अल्पेशच्या तोंडावर बसला आणि त्याचे दोन दात पडले. अल्पेशने रक्त थुंकलं आणि कॅनचं झाकण काढलं. तेवढ्यात हेमाली साकवावर चढली आणि मध्ये उभी राहिली.

"पाळी त्यांची होती," ती म्हणाली. "मोरूकाका खरं बोलत होते. ॲप चुकलं. माझ्या हातनं चुकलं."

कोणाला काही कळेना. अल्पेश म्हणाला, "पोरीच्या डोस्क्यावर परिणाम झालाय, बाजूला करा तिला." कोणी तरी तिचे केस धरले. तिने फोनचं घड्याळ मागे नेलं, चार वाजून सात मिनिटांवर, आणि ॲप उघडून बापासमोर धरलं. खालचा पाडा. मग घड्याळ सहावर नेलं. वरला पाडा. पुन्हा चार. खालचा.

"पहाटे साडेपाचच्या आधी ते कालचा दिवस दाखवतं, बाबा. रोज. मी कधी पहाटे बघितलंच नाही."

हरेश्वर निरक्षर नव्हता. ती ओळ त्याने दोनदा वाचली.

"विनेशला ठावं व्हतं?" त्याने विचारलं.

"नाही. त्यानं मला विचारलं होतं." आणि तिने निरोप लावला.

साकवावर विनेशचा आवाज आला, वाऱ्यात फाटलेला. "ताय, ह्यो मोरूकाका बोलतोय आज त्यांची पाळी हाय. तुझ्या ॲपमधी आपली दावतंय. कोनावर इस्वास ठेवू? लवकर सांग." आणि मागून म्हाताऱ्याचा आवाज, रागाचा नव्हे, दमलेला. "पोरा, जालं सोड रं. तुझ्या बापाला इचार, आज आमचा दिस."

पलीकडे सोनाबाईने नवऱ्याचा आवाज ओळखला. हातातला दगड तिने खाली ठेवला.

हरेश्वरने कोयता उलटा धरला आणि मुठीकडच्या जाड लाकडाने मुलीच्या उजव्या हातावर मारलं. एकदाच, पण सगळ्या ताकदीने. बोटांची हाडं मोडली, फोन फळ्यांवर पडला. हेमालीने हात छातीशी धरला आणि जागची हलली नाही. तिला मार हवाच होता. सकाळपासून कोणी तरी मारावं म्हणून ती थांबली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार.

अल्पेश कॅन घेऊन पुढे सरकला. हरेश्वरने वळून कोयत्याचं पातं त्याच्या छातीला लावलं. सदऱ्यातून रक्ताचा थेंब येईपर्यंत लावलं.

"येक पाऊल टाक," तो म्हणाला. "आजचा दिस त्यांचा हाय."

अल्पेशने कॅन खाली ठेवला. माणसं एकेक करून मागे फिरली. पेटलेली होडी चिखलात एकटीच जळत राहिली, तिला विझवायला कोणी गेलं नाही.

हरेश्वर साकवाच्या फळ्यांवर बसला. त्याने फोन उचलला, काच तडकली होती. तो त्याने मुलीकडे दिला, तिच्याकडे न बघता.

"परत लाव," तो म्हणाला.

तिने डाव्या हाताने लावला. ताय, ह्यो मोरूकाका बोलतोय. निरोप संपला.

"परत लाव."

अंधार पडेपर्यंत ती लावत राहिली.