दस्ता वाकतो म्हणून

परवापरवापर्यंत आमच्याकडे कोणी कॉफीला आलं की वेंडेल, म्हणजे माझा नवरा, कपाच्या आधी बंदूक पुढे करायचा. "इथे दाब," म्हणतो. पाहुणा बिचारा प्लास्टिकच्या दस्त्याचा पुढचा भाग दोन बोटांनी दाबतो, तो वाकून नळीला टेकतो, आणि वेंडेलच्या तोंडावर खटला जिंकल्याचं समाधान पसरतं. तीन वर्षं नेम का चुकतोय ते कळलं ना आता, असं तो विचारतो. पाहुणा मान डोलावतो. केक अजून कापायचा असतो, नाही म्हणून कसं चालेल?

नेम चुकणं आमच्याकडे खाजगी राहत नाही. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की आमच्या नीमी घराण्यातले सगळे पुरुष जंगलातल्या कॅम्पवर जमतात. ज्याचं हरीण निसटलं त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापून भिंतीवर ठोकतात, खाली नाव आणि साल लिहितात. वेंडेलची तीन टोकं ओळीने लागली होती. सलग चौथं लागलं, की कॅम्पच्या नियमाप्रमाणे त्याचं मचाण दुसऱ्याला जाणार आणि त्याच्या हातात स्वयंपाकाची पळी येणार. पळीचं त्याला काही नव्हतं. मचाण मात्र त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं, दलदलीच्या काठावरचं. बाप-लेक वीस वर्षं तिथे शेजारी शेजारी बसले. सासरे तीन वर्षांपूर्वी वसंतात गेले आणि त्याच नोव्हेंबरपासून ही टोकं लागायला लागली. हा हिशोब मला जमत होता, पण घरात मी एकटीच होते जिला दस्त्यातलं काही कळत नाही.

तर यंदा ऑक्टोबरात त्याने दस्ता घरीच कडक करायचं ठरवलं. घरी म्हणजे माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर. दस्त्याच्या पोकळ भागातल्या पातळ भिंती त्याने पटाशीने तासल्या, आतून पॉलिश पेपरने खरखरीत केलं, मोडक्या कार्बनच्या बाणांच्या दोन कांड्या कापून आत आडव्या ठेवल्या आणि वरून इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, ओतलं. थोडं इपॉक्सी नळीच्या बैठकीखालीही लावलं, म्हणजे लोखंडाचा नेमका साचा उतरेल. लोखंड चिकटू नये म्हणून त्याला आधी बुटाचं पॉलिश चोपडलं. हे सगळं इतक्या भक्तिभावाने चाललं होतं की मी दोन दिवस सिंकपाशी उभी राहून जेवले.

डब्यावर लिहिलं होतं, चोवीस तास थांबा. पण आमची माणसं मूळची फिनलंडची. घरामागे सौना, म्हणजे घाम काढायची लाकडी खोली, आहे, शनिवारी ती तापतेच. सर्दी, पाठदुखी, भांडण, सगळं तिथे नेऊन बरं करतात. वेंडेलने बंदूक टॉवेलात गुंडाळून वरच्या बाकावर ठेवली आणि शेजारी स्वतः घाम गाळत बसला. उष्णतेने इपॉक्सी लवकर धरलं हे खरं. पण पॉलिश त्याच्या आधीच वितळून ओघळलं, आणि लोखंड नि दस्ता असे एकजीव झाले की लग्नातही इतकं कोणी कोणाला धरत नाही.

मग मीच म्हटलं, फ्रीझरमध्ये ठेव, गार झालं की लोखंड आकसेल. फ्रीझरमध्ये जागा मुबलक होती, तीन वर्षं हरणाचं मांस कुठे आलं होतं? दुसऱ्या दिवशी लाकडी हातोड्याचे चार टोले बसल्यावर नळी सुटली. दस्ता दाबून बघितला. जाम हलेना. गावाबाहेरच्या बंद खाणीपाशी जाऊन त्याने तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. तो कागद त्याने पाकिटात ठेवला, माझ्या फोटोच्या पुढे.

शिकारीच्या पहिल्या दिवशी दुपारी मी कॅम्पवर पास्ट्या घेऊन गेले. मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या त्या गरम पास्ट्यांवर एरवी झुंबड उडते. त्या दिवशी कोणी हात लावला नाही. सगळे भिंतीपाशी उभे होते. वेंडेलची गोळी चुकली होती, चाळीस पावलांवरून मोठा नर निघून गेला होता.

आर्विडकाका, माझे चुलतसासरे, नियमाच्या बाबतीत फार कडक. कात्री त्यांच्याच ताब्यात असते. त्यांनी आधी दस्ता दाबला. दस्ता ढिम्म. पुन्हा दाबला. मला त्या म्हाताऱ्याची दया आली, कारण भर सभेत सबबच संपली होती. मग त्यांनी सगळ्यांच्या देखत खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, बंदुकीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू दोन आटे ढिला केला आणि ती हलवून दाखवली.

"दुर्बीण ढिली आहे," काका म्हणाले. "ही चूक धरायची नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाच्या चेहऱ्यावर हसू नाही. इतके खोटारडे लोक मी एका खोलीत पाहिले नव्हते आणि इतके चांगलेही.

वेंडेलने त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रू परत आवळला.

"काका, बंदूक ठीक आहे. बाबा होते तेव्हा हरीण आलं की ते माझ्या पाठीवर हात ठेवायचे. आता तिथे एकटा बसलो की हात कापतात माझे. दरवर्षी कापतात." मग त्याने शर्ट बाहेर ओढला आणि पाठ वळवली. "कापा."

काकांनी कापला. टोक वाकडं निघालं. मला रडू आलं, आणि रागही, की हे वाक्य मला इतक्या वर्षांत एकदाही ऐकवलं नाही, माझं टेबल मात्र खराब केलं.

मचाण काकांच्या नावावर गेलं. पळी वेंडेलकडे आली. संध्याकाळी त्याने बीन्स केले आणि ते असे करपले की कुत्र्याने वास घेऊन तोंड फिरवलं. एक जण म्हणाला, स्टोव्ह जास्त पेटतो. दुसऱ्याने ओलसर लाकडांना दोष दिला. आर्विडकाकांनी पातेलं उलटं करून नीट बघितलं.

"बूड पातळ आहे याचं," ते म्हणाले.

"पातेलं चांगलं आहे, काका," वेंडेल म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

काकांनी ताटली पुढे केली. "वाढ अजून," म्हणाले, आणि बाकावर सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.