सितलालीचा पंधरावा वाढदिवस

"पुन्हा आखूड झाला?" आंपारोने विचारले. स्वर तक्रारीचा नव्हता.

कुका गुडघ्यांवर बसली होती, तोंडात टाचण्या. समोरच्या लाकडी पुतळ्यावर फिकट गुलाबी झगा होता. परवाच तिने तो जमिनीला टेकेल असा केला होता. आज खालून पुतळ्याची दांडी दिसत होती.

"मी कापला नाही गं," टाचण्या काढून ती म्हणाली. "आटला असेल. तळ्याची दमट हवा."

"आटेल कशाला? वाढायचं वय आहे तिचं. अजून एक झालर लाव."

कुकाने मान खाली घातली. सितलाली सहा वर्षांची असताना तळ्यात बुडाली होती. होडी सापडली, बाप लेओबार्दो पोहत काठाला लागला, पोर सापडलीच नाही. गावात मुलगी पंधराची झाली की ती मोठी झाली म्हणून समारंभ होई, आणि त्यासाठीचे झगे कुकाच शिवत आली होती. या कामाला ती नाही म्हणणार होती. पण पोरीची आई आंपारो दारातच म्हणाली, "तिचं लग्न नाही, बाळंतपण नाही. एवढं एकच मागते." मग कुकाने कुणाचं माप घेऊ तेवढं विचारलं.

"अंदाजानं शिव. दुसऱ्या पोरीच्या अंगाला लावू नकोस."

समारंभापर्यंत आणखी झालरी लावाव्या लागल्या. पुतळ्याकडे पाठ करून शिवणे कुकाने सोडून दिले.

शनिवारी दुपारी चर्चमधली प्रार्थना उरकून सगळे गाव मांडवात जमले. झगा खुर्चीत बसवला होता.

"वेड लागलंय बाईला," मागून कुणीतरी कुजबुजले.

"गप बस. मोलेचा रस्सा तरी नीट खा."

लेओबार्दो खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला. पोर मोठी झाली की बापाने तिची पादत्राणे बदलायची, या रिवाजाप्रमाणे त्याने सपाट चपला खुर्चीखाली सारल्या आणि उंच टाचांचे पांढरे बूट झालरीखाली सरकवले. वाजंत्र्यांनी बाप-लेकीच्या नाचाचा वॉल्ट्झ सुरू केला. त्याने झगा दोन्ही हातांत घेतला. कुणीतरी फिसकन हसले आणि लगेच थांबले.

कुकाची नजर सवयीने शिवणीवर गेली. हातात धरलेला रिकामा झगा खांद्यातून लोंबतो. हा लोंबत नव्हता. कंबर भरलेली होती. लेओबार्दो वळला की घेर किंचित उशिरा वळत होता, आत कुणी असल्यावर वळतो तसा. तिने खुर्चीखाली पाहिले. तिथे सपाट चपला होत्या. पांढरे बूट नव्हते.

आंपारो टाळ्या वाजवत होती. कितीतरी वर्षांनी तिच्या गालांवर रंग दिसत होता.

नाच संपल्यावर कुका मोकळ्या हवेत आली. मांडवामागच्या पायरीवर लेओबार्दो बसला होता. आपल्या एका पायातला बूट काढून तो अंगठा चोळत होता. नख लाल झाले होते.

"कुकाबाई," तो हळूच म्हणाला, "पाय दिला तिनं माझ्या पायावर. दोनदा."

 तिथून निघून जावे असे कुकाला फार वाटले. मग ती पायरीवरची धूळ झटकून त्याच्याशेजारी बसली.

"उंच टाचा पहिल्यांदाच घातल्या ना तिनं," ती म्हणाली. "सगळ्याच पोरींचं असं होतं."

त्याने मान डोलावली आणि सावकाश मोजा चढवू लागला.