गुडघ्याखालची उशी

गॅरेजात काम करता करता फिटरला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. घरी आणल्यावर बायकोनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पाय दुखतो म्हणून गुडघ्याखाली मऊ उशी दिली, ती दिवसरात्र तिथंच राहिली.

इस्पितळातल्या व्यायामाच्या बाई घरी यायच्या. त्यांनी पाय ताणला की तो विव्हळायचा. त्याची आई दाराशी उभी राहून डोळे पुसायची. शेजारीण म्हणायची, आजाऱ्याला कशाला छळता, पडू द्या की निवांत. शेवटी एक दिवस बायकोच बाईंना म्हणाली, "उद्यापासून येऊ नका. त्यांचे हाल बघवत नाहीत मला."

न हलवलेला सांधा धरतो, निदान उशी तरी काढा, असं बाईंनी जाताना बजावलं. पण ऐकतंय कोण! सेवा करावी तर हिनं, असं सारी गल्ली म्हणत होती.

हिवाळा सरला. फिटरची वाचा थोडी परतली आणि त्यानं पहिलं मागणं केलं ते उभं राहण्याचं. सासूसुनेनं दोन्हीकडून धरून उठवलं. उजवा गुडघा वाकलेलाच राहिला, टाच जमिनीला टेकेचना.

इस्पितळात त्याच बाई भेटल्या. त्यांनी त्याचा पाय कमरेतून वाकवून पाहिला, मग सरळ ठेवून पाहिला. दोन्ही वेळा गुडघा एकाच जागी अडला.

"नुसते स्नायू आखडले असते, तर कंबर सरळ केल्यावर गुडघा थोडा तरी सुटला असता," त्या हलकेच म्हणाल्या. "इथं सांधाच धरलाय. ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात."

"पण मी त्यांना एक कळसुद्धा लागू दिली नाही हो!"

"तिथंच चुकलं, ताई."

"नट... गंजला," फिटर कसाबसा म्हणाला. हसायला गेला आणि रडू लागला.

कोपर मात्र अजून सुटण्यासारखं होतं. तिथं स्नायूच आखडले होते. बाईंनी शिकवलं तसं बायको आता रोज त्याचा हात हळूहळू सरळ करते आणि धरून ठेवते. तो कण्हतो. शेजारीण तिला दगडाच्या काळजाची म्हणते. सासू मात्र आता दारातून आत येऊन लेकाचा खांदा धरते.

फिटर पुन्हा गॅरेजात उभा राहणार नाही. ते कुणामुळे, हेही त्याच्या बायकोला ठाऊक आहे.

मंडळी, आपल्याही घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल. जाणत्याला विचारा आणि त्याचे हातपाय हलते ठेवा. त्याचं कण्हणं ऐकवत नाही म्हणून आपण थांबतो, तेव्हा दया आपण स्वतःवर करत असतो. भोगतो मात्र तो.